सौसरचे पांढुर्ण्यात, पांढुर्ण्याचे सौसरात

सौसरला दवाखाना उघडला त्या दिवशी शेजारच्या किराणा दुकानदाराने माझी पाटी वाचली, परत वाचली, आणि जवळ येऊन हळूच विचारलं, "डॉक्टरसाहेब, ही पाटी आतल्या बाजूनं नाही लावता येत काय?"

मला वाटलं गंमत करतो आहे. तो गंमत करत नव्हता. पाटीवर हिंदीत 'मनोरोग विशेषज्ञ' लिहिलं होतं, आणि त्याच्याकडे साखर घ्यायला उभा असलेला माणूस माझ्याकडे आला आहे असा लोकांचा समज होईल, ही त्याची अडचण होती. त्याच्या जागी मी असतो तर मीही हेच म्हणालो असतो. पाटी मी काढली नाही, पण त्याच्या समाधानासाठी तिच्याखाली बोगनवेल लावली. ती आता इतकी वाढली आहे की पाटीवरचं फक्त 'विशेषज्ञ' दिसतं. कशाचा, ते ज्याला गरज आहे त्याला माहीत असतं.

मी सौसरचाच. नागपूर ओलांडून सीमेपलीकडचं, हिंदी राज्यातलं हे गाव. वडील तहसील कचेरीत बाबू होते. घरी मराठी, शाळेत हिंदी, पुढे नागपूरला इंग्रजी, अशा तीन भाषांतून मी डॉक्टर झालो आणि चौथी भाषा पेशंटांनी शिकवली. पुस्तकात ज्याला नैराश्य म्हणतात त्याला आमच्याकडे 'मन लागून नाही राहिलं' म्हणतात, आणि हे पुस्तकापेक्षा जास्त बरोबर आहे असं माझं मत होत गेलं आहे. मला सर्जन व्हायचं होतं. मार्कांच्या क्रमाने जागा वाटताना सर्जरी माझ्यापर्यंत पोचायच्या आधीच संपली आणि मनोविकारशास्त्र शिल्लक होतं. त्या काळी ते नेहमीच शिल्लक असे. वडिलांनी गावात सांगून टाकलं की पोरगा ब्रेनचा डॉक्टर होऊन राहिला. आईने मात्र मला बाजूला घेऊन विचारलं.

"म्हणजे आपरेशन करतोस काय?"

"नाही. बोलतो."

"नुसतं बोलतोस?"

"औषधंही देतो."

ती मग म्हणाली, "मंग बापाले ब्रेनच सांगू दे."

लग्नाच्या बाजारात माझी किंमत काय होती तेही तेव्हाच कळलं. एका घरी मुलगी पाहायला गेलो असताना मुलीच्या वडिलांनी विचारलं, दिवसभर अशा लोकांत बसून तुम्हालाही काही होत नाही काय? मी म्हणालो, होतं, पण संध्याकाळपर्यंत उतरतं. तिथं जमलं नाही.

नोकरीची बरीच वर्षं एका मोठ्या सरकारी मनोरुग्णालयात गेली. तिथं येणारा माणूस सगळीकडून फिरून, सगळे उपाय करून, बहुतेक वेळा हातपाय बांधलेला असा शेवटी येत असे. सोडायला आलेले नातेवाईक पत्ता चुकीचा लिहून जात. पेशंट बरा झाला की आम्ही पत्र टाकायचो आणि पत्र परत यायचं. बरा झालेला माणूस खिडकीशी उभा राहून फाटकाकडे पाही, आणि मला कळत नसे की आता याला कोणतं औषध द्यायचं. तेव्हापासून मला एकच हाव आहे: माणसाने लवकर यावं. कसंही यावं, कुठल्याही कारणाने यावं, घरी खोटं सांगून यावं, पण वेळेवर यावं.

सौसरने आणि पांढुर्ण्याने ही हाव फार मनावर घेतली.

नोकरी संपवून गावी परतल्यावर मी बुधवारी पांढुर्ण्याला आणि शनिवारी सौसरला बसायला लागलो. पहिल्या महिन्यात दोन्हीकडे कोणी आलं नाही. दुसऱ्या महिन्यात पांढुर्ण्याला गर्दी सुरू झाली, पण चेहरे सगळे सौसरचे. आणि सौसरच्या दवाखान्यात जो येई तो पांढुर्ण्याचा. आपल्या गावात कोणी पाहू नये म्हणून प्रत्येक जण दुसऱ्या गावातल्या माझ्याकडे येत होता. मी तोच, औषध तेच, फक्त रस्ता मोठा.

यासाठी लागणारी कारणंही तयार होती. सौसरहून पांढुर्ण्याला जाण्याचं काम कधीही निघू शकतं; तिथं रेल्वेची मोठी लाइन आहे, संत्र्याची मंडी आहे, आणि आता जिल्हाही तिथंच आहे. पांढुर्ण्याहून सौसरला यायचं तर सौसरजवळच्या जामसावळीचा मारुती आहे. शनिवार मी काही मारुतीकडे पाहून निवडला नव्हता, पण लोकांनी त्याचा तसाच उपयोग केला. "जामसावळीले जाऊन येतो" म्हणून निघायचं, आधी दर्शन घ्यायचं म्हणजे ते खोटं ठरत नाही, आणि मग माझ्याकडे. प्रत्येक जण प्रसाद आणतो. शनिवारी संध्याकाळी माझ्या टेबलावर इतकं खोबरं जमतं की आमच्या घरी आठवडाभर चटणीसाठी खोबरं विकत आणावं लागत नाही. सुशिक्षित पाहुण्यांना हे ऐकून हसू येतं. मला येत नाही. मारुतीच्या आडोशाने का होईना, माणूस दोरीशिवाय येतो.

या व्यवस्थेत एक गोष्ट गृहीत धरलेली होती, की सौसरचा पेशंट आणि पांढुर्ण्याचा पेशंट एकमेकांना कधीच भेटणार नाहीत.

पांढुर्ण्याला माझ्याकडे सौसरची एक मुलगी तिच्या आईबरोबर यायची. शाळेत शिकवते. आदल्या वर्षी तिची झोप उडाली, बोलणं थांबेना, आणि एका दुपारी शाळा सुटल्यावरही ती वर्गात शिकवत उभी राहिली, रिकाम्या बाकांना. चपराशाने घरी निरोप दिला. त्यानंतरचे काही महिने ती अंथरुणातून उठली नाही. मनाचा हा आजार असा आहे, आधी उंच नेतो आणि मग खाली सोडतो. गोळ्यांनी ती सावरली, पुन्हा शाळेत जायला लागली, आणि तिचं लग्न ठरलं.

"लगन झाल्यावर गोळ्या बंद करता येतीन न जी?" आईने विचारलं.

"नाही. बंद नाही करायच्या."

"मंग थे लोक पाह्यतीन न. रोज गोळी खातानी पाह्यलं तं इचारतीन."

"म्हणून आधीच सांगा."

"तुमची पोरगी असती तं तुमी सांगतलं असतं काय?"

मला मुलगी आहे, पुण्याला असते. मी म्हणालो, सांगितलं असतं.

"तुमी पुण्याचं सांगून राहिले," ती म्हणाली, "मी सौसरचं सांगून राहिली."

मुलगी मध्ये पडली. "आई, मी सांगते ना त्याला."

"तू चूप बस. तू त्याले सांगशीन, थो मायले सांगन, माय बापाले सांगन, आन् बाप माईकवर सांगन."

मुलाचे वडील कोण हे मला तेव्हा कळलं नव्हतं. ते पुढच्याच शनिवारी सौसरला कळलं. माझ्याकडे पांढुर्ण्याची एक बाई कित्येक वर्षांपासून यायची. मुलगा शिकायला बाहेर गेला त्या साली ती गॅससमोर उभी राहून रडायला लागली आणि रडणं थांबेना, तेव्हापासून. मध्ये एकदा तिने आपल्या मनाने गोळ्या बंद केल्या होत्या. त्या उन्हाळ्यातल्या तिच्या दुपारी शेतातल्या विहिरीपाशी कशा गेल्या ते तिने मला नंतर सांगितलं. ते मी इथं लिहिणार नाही. तेव्हापासून गोळी चुकली नाही, आणि घरी कोणालाही, नवऱ्यालासुद्धा, काही माहीत नाही. नवऱ्याच्या दृष्टीने ती मारुतीची मोठी भक्त आहे.

त्या शनिवारी ती खुशीत होती. प्रसादाबरोबर पेढेही होते.

"पोराचं जमलं, डॉक्टरसाहेब. तुमच्याच गावची आहे. शाळेत मास्तरीन आहे." आणि तिने मुलीचं घर, गल्ली, सगळं सांगितलं.

मी पेनाला टोपण लावलं, आणि पुन्हा काढलं.

"तुमी गावचेच. जराशी चौकशी करून द्या न जी. त्या घरात कोनाले डोक्याचं तं नाही?"

"तुम्ही हे मला विचारता?"

"मंग कोनाले इचारू? तुमालेच तं माहीत राह्यते."

"मला माहीत असतं ते मी कोणाला सांगत नाही. उद्या त्या घरच्यांनी तुमच्याबद्दल विचारलं तर?"

ती दचकली. "माह्यं येगळं आहे जी. माह्यं तं टेंशन होय."

आमच्या भागात आपलं असतं ते टेंशन आणि दुसऱ्याचं असतं ते डोक्याचं. मी तिची गोळी लिहून दिली. आता बुधवारच्या कपाटात एकीचे कागद, शनिवारच्या कपाटात दुसरीचे आणि मध्ये मी, अशी माझी स्थिती झाली. मुलगी सांगायला तयार होती आणि आई सांगू देत नव्हती. लग्न झालं, गोळ्या लपवता लपवता बंद पडल्या, की ती पुन्हा त्या रिकाम्या बाकांसमोर उभी राहणार हे मला दिसत होतं. आणि मला तोंड उघडता येत नव्हतं, हे जरा अवघडच होतं, कारण त्याच महिन्यात तोंड न उघडल्याबद्दल नाही, पण एकूण कामाबद्दल माझा सत्कार ठरला.

पांढुर्णा जिल्हा झाल्यापासून सत्कारांना ऊत आला आहे. जिल्ह्याची कार्यालयं नीट बसायच्या आधी जिल्ह्याचा गौरव करणाऱ्या समित्या बसल्या. अशाच एका समितीचे अध्यक्ष दोन सदस्य घेऊन माझ्याकडे आले. बियाण्यांचं आणि खतांचं मोठं दुकान, आवाज दुकानापेक्षा मोठा. हेच त्या बाईचे यजमान, आणि मुलाचे वडील.

"डॉक्टरसाहेब, यावर्षी तुमचा सम्मान करून राहिलो."

"कशासाठी?"

"कशासाठी म्हंजे? तुमी एवढे मोठे मनो…" इथं त्यांनी आवाज खाली आणला, बाहेर पाहिलं आणि वाक्य सोडून दिलं. "किती पेशंट बरे केले असतीन?"

"मोजले नाहीत."

"हजारो लिहितो. आन् त्यातले पाच-सहा स्टेजवर पाठवा. दोन-दोन शब्द बोलतीन."

"कोणी येणार नाही."

"काहून? बरे झाले न?"

"बरे झाले म्हणूनच."

हे त्यांना पटलं नाही. "आता पाहा, आमच्या घरी देवाच्या दयेनं असं काही नाही. असतं तं मीच पाठवलं असतं, सांगतो तुमाले."

मी बोगनवेलीकडे पाहत राहिलो. सत्काराला नाही म्हणून पाहिलं, पण आमच्याकडे सत्काराला नाही म्हणणं हा विनय समजला जातो आणि त्यामुळे सत्कार आणखी मोठा होतो.

तारीख शनिवारची निघाली, दुपारी, पांढुर्ण्यात. त्या आठवड्यातल्या बुधवारी मला नागपूरला कोर्टात साक्षीला जायचं होतं, आणि सत्कारानंतर काही आठवडे मुलीकडे पुण्याला. म्हणजे दोन्ही गावांच्या पेशंटांसाठी मिळून एकच वेळ उरली, ती शनिवारची सकाळ. माझ्याकडे एक सिस्टर आहेत. दवाखान्यात मी काय लिहितो हे मी ठरवतो, बाकी सगळं त्या ठरवतात.

"कुठं बसायचं?" मी विचारलं. "सौसरला?"

"सौसरले बसले तं सौसरचे येनार नाही."

"मग पांढुर्ण्याला."

"मंग पांढुर्ण्याचे येनार नाही." त्यांनी जरा विचार केला. "रामाकोन्याले बसा. माह्या भावाची संत्र्याची शेड आहे, आता हंगाम नाही, खालीच आहे. ना इकडचं गाव, ना तिकडचं. पांढुर्ण्याच्याइले जामसावळीवरून जवळ पडंन."

मलाही हे बरोबर वाटलं. दोघांनाही एक साधी गोष्ट सुचली नाही. सिस्टरनी प्रत्येकाला वेगवेगळा फोन केला आणि प्रत्येकाला एकच सांगितलं, की तिथं तुमच्या ओळखीचं कोणी येणार नाही.

शनिवारी सकाळी रामाकोन्याच्या त्या शेडमध्ये दोन्ही तालुके जमले होते. बसायला संत्र्याचे रिकामे क्रेट उलटे मांडले होते. प्रत्येक येणारा दारात एकदा थबकायचा, आत पाहायचा, पण सिस्टर "या, या, बसा" म्हणून हाताला धरायच्या, आणि मग तो आपला क्रेट उचलून भिंतीकडे तोंड करून बसायचा. एका निवृत्त हेडमास्तरांनी मोटारसायकलवरून उतरल्यावर हेल्मेट काढलंच नाही. मी आत एका बाजूला, क्रेटच्या उंच थप्पीमागे टेबल टाकून बसलो होतो. थप्पीतून दिसायचं कमी, ऐकू यायचं सगळं.

शाळेतली मुलगी आणि तिची आई आल्या. दुपारच्या सत्काराचं त्यांनाही आमंत्रण होतं, होणाऱ्या सोयऱ्यांकडून. इथून पुढे परस्पर पांढुर्ण्याला जायचं त्यांनी ठरवलं होतं. त्यांचा नंबर यायच्या आतच दारात रिक्षा थांबली आणि प्रसादाची पिशवी घेऊन अध्यक्षांच्या सौभाग्यवती उतरल्या. घरी सांगून आल्या होत्या की कार्यक्रम चांगला व्हावा म्हणून मारुतीला नारळ फोडून येते.

"अगोबाई, विहीणबाई!" मुलीच्या आईचा आवाज आला.

प्रसादाची पिशवी खसखसली. मग, "मी… मारोतीले आली होती जी. मंग म्हनलं इकडं… तुमी?"

"आमी संत्रा पाहाले आलो."

"संत्रा? आता?"

शेडमध्ये संत्र्याचं सालसुद्धा नव्हतं. भिंतीकडे तोंड केलेल्या सगळ्या पाठी ताठ झाल्या. हेल्मेटही हललं नाही.

मग मुलीचा आवाज आला, वर्गात असतो तसा, सगळ्यांना ऐकू जाईल असा. "आई, पुरे ना आता. मी डॉक्टरसाहेबांकडं आली आहे. मागच्या वर्षी मी बिमार होती. आता बरी आहे, गोळ्या घेते. मला आधीच सांगायचं होतं, आज सांगून दिलं."

थप्पीला वळसा घालून पांढुर्ण्याच्या बाई सरळ माझ्यासमोर आल्या. त्यांचा नंबर नव्हता.

"तुमाले माहीत होतं."

मी पेन खाली ठेवलं.

"मी इचारलं होतं तुमाले. तोंडावर इचारलं होतं."

"विचारलं होतं. त्यांनी तुमच्याबद्दल विचारलं असतं तर त्यांनाही हेच उत्तर मिळालं असतं."

त्या क्रेटवर बसल्या. पिशवी मांडीवर धरून ठेवली. "एका घरात दोघी?" त्या म्हणाल्या. आणि मग, अगदी हळू, "पुढं लेकरंबाळं झाले तं? त्याइले?"

इथं खोटं बोलणं सोपं असतं. मी सांगितलं की इतरांपेक्षा शक्यता थोडी जास्त असते, पण होईलच असं नाही. अशा मुली नोकरी करतात, संसार करतात, मुलं वाढवतात, फक्त औषध आणि झोप यांना विसरून चालत नाही. मग विचारलं, "तुम्ही घर चालवता ना?"

"चालवतो न."

"कोणाला कळलं?"

"नाही."

"गोळ्या बंद केल्या तर काय होतं, ते तुम्हाला कोणी सांगायला नको."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पदराने तोंड पुसलं आणि उठून बाहेर गेल्या. मी पुढच्या पेशंटला बोलावलं नाही. ऐकत राहिलो, आणि ऐकत नसल्याचं नाटकही केलं नाही.

क्रेट सरकल्याचा आवाज आला.

"कोन्त्या टाइमची गोळी आहे तुही?"

"रात्रीची."

"माही बी रातचीच."

मग बाईंचाच आवाज, आता मुलीच्या आईकडे वळलेला. "लगन झाल्यावर बंद करन्याचं पाहून राहिल्या होत्या काय? नोका करू, बाई. मी केल्या होत्या."

आई तेव्हा रडायला लागली. इतके दिवस ती रडली नव्हती, माझ्यासमोर तरी नाही.

"घरी मी सांगतो तुह्यं," बाई मुलीला म्हणाल्या. "ह्याइचं मी पाहून घेईन. पण माह्यं नोको सांगू कोनाले."

"तुमचं मी कशाला सांगू? पण माझं मीच सांगीन. आजच."

"आज सत्कार आहे बापा!"

"तर मग तिथंच सांगते."

"माईकवर?" आई रडता रडता ओरडली.

मुलगी हसली. "नाही वो आई. त्याला."

दुपारी पांढुर्ण्यात मंचावर हिंदी आणि मंचाखाली मराठी, असा आमच्याकडचा नेहमीचा कार्यक्रम सुरू झाला. दीप, हार, पुन्हा हार. अध्यक्ष बोलले. या महान डॉक्टरांनी हजारो लोकांना बरं केलं आहे, पूर्णपणे बरं केलं आहे, ते आज आपल्यासारखेच समाजात ताठ मानेने वावरत आहेत, असं त्यांनी टेबलावर हात आपटून सांगितलं. मग त्यांना राहवलं नाही. "यापैकी कोणी सभागृहात असतील तर त्यांनी हात वर करावा!"

सभागृह पंखे पाहायला लागलं. मधल्या रांगेत ते हेडमास्तर होते. हेल्मेट नव्हतं, पण मान ते असल्यासारखीच होती. पहिल्या रांगेत अध्यक्षांच्या सौभाग्यवती बसल्या होत्या. त्या पंखे पाहत नव्हत्या. त्या बाजूच्या उघड्या दाराकडे पाहत होत्या, आणि मीही तिकडेच पाहत होतो.

दाराबाहेर, मोटारसायकली लावलेल्या ठिकाणी, मुलगी आणि मुलगा उभे होते. ती बोलत होती. तो आमच्याकडे पाठ करून ऐकत होता. चेहरे वाचून मी आयुष्यभर पोट भरलं, पण पाठ वाचता येत नाही. मध्येच तो वळला आणि फाटकाकडे चालायला लागला. ती तिथंच उभी राहिली, हात बांधून. मला ती सरकारी इमारतीतली खिडकी आठवली. नेमक्या त्याच वेळी शाल माझ्या खांद्यावर आली, अध्यक्ष समोर उभे राहिले, फोटोवाल्याने सगळ्यांना जवळ सरकायला सांगितलं, आणि दार दिसेनासं झालं. नारळ हातात आला. मानपत्र हातात आलं. ते लॅमिनेट केलेलं होतं आणि चकाकत होतं. फोटो संपल्यावर पाहिलं तर दारात कोणी नव्हतं.

उत्तरादाखल मी काय बोललो ते धड आठवत नाही. कोणी हात वर केला नाही याबद्दल मी आभार मानले असावेत, कारण लोक हसले आणि मग घाईघाईने गंभीर झाले.

गाडीपाशी मुलगा आला. हातात पाण्याची बाटली होती, अर्धी रिकामी. फाटकाबाहेर तो ती आणायला गेला होता. बोलून बोलून तिचा घसा कोरडा पडला होता म्हणे.

"डॉक्टरसाहेब, एक इचारू काय?"

"तिच्याबद्दल मी काही सांगणार नाही."

"तिच्याबद्दल तं तिनं सांगतलं. माह्याबद्दल इचारून राहिलो. मले काय करा लागंन?"

एवढ्या वर्षांत हा प्रश्न मला फार थोड्या नवऱ्यांनी विचारला आहे, आणि होणाऱ्या नवऱ्याने तर नाहीच. मी म्हणालो, "तिची झोप सांभाळा. झोप उडायला लागली की वाट न पाहता फोन करा. आणि गोळी घेतली काय, गोळी घेतली काय, असं रोज विचारू नका."

"बस?"

"एवढं करून पाहा. सोपं नाही ते."

मुलाच्या घरी कळलं तेव्हा मात्र वादळ झालं. अध्यक्षांनी लग्न थांबवलं. काही आठवडे तारखेचं नाव निघालं नाही. मला दिलेलं मानपत्र परत मागावं काय यावर समितीत चर्चा झाली असंही कानावर आलं, पण असा ठराव कसा लिहायचा ते कोणाला येईना. मी पुण्याहून परत आलो तेव्हा पहिल्या शनिवारी बाई आल्या.

"काय झालं?" मी विचारलं.

"होऊन राहिलं लगन."

"ऐकलं त्यांनी?"

"आयकत नोहते. पागल पोरगी घरात नोको म्हने. मी म्हनलं, हजारो बरे केले, पूर्न बरे केले, असं माईकवर कोन म्हनलं? अख्ख्या पांढुर्ण्यानं आयकलं. मंग थे खोटं होतं काय? आता लोकाइले काय सांगसान, का मानपत्र खोटं दिलं?"

"मग?"

"मंग काय. चूप झाले."

भाषणांबद्दल माझं मत कधीच चांगलं नव्हतं. या एका भाषणाबद्दल ते बदलावं लागलं.

लग्न झालं. मुलगी आता पांढुर्ण्याची झाली, म्हणून तिचा कागद बुधवारच्या कपाटातून शनिवारच्या कपाटात आला. यावर कोणी चर्चा केली नाही. पांढुर्ण्याचे सौसरला येतात. सासू-सून एकाच गाडीतून उतरतात. आधी जामसावळी, मग मी. कधी कधी अध्यक्ष स्वतः गाडी घेऊन येतात, बोगनवेलीखाली उभे राहतात आणि आवाज खाली न आणता, चांगल्या मोठ्याने सांगतात, "सूनबाईकडं बराबर पाहा, डॉक्टरसाहेब. आमच्या हिले काही नाही, हे सोबत म्हनून येते." किराणा दुकानदार वजन करता करता ऐकतो. बाई त्यांच्यामागे प्रसादाची पिशवी नीट करत उभ्या असतात.

हे लिहिलं तेव्हा ओळख पटेल असं बरंच मी बदललं, आणि दोघींना वाचून दाखवलं. सासूने विचारलं, "ह्याइच्या हातात पडलं तं?" सून म्हणाली, "बाबा पुस्तकाचं विमोचन करतात, आई. वाचत नाही."

मागच्या शनिवारी दोघी आत आल्या, दार लावलं, आणि मी सवयीने सुनेची खुर्ची समोर ओढली. ती बसली नाही. तिने सासूला बसवलं.

"आधी आईंचं पाहा," ती म्हणाली. "दोन-तीन दिवस झाले, त्या जेवून नाही राहिल्या. आरामात विचारा. बाहेर बाबा आहेत, वेळ लागला तर मी सांगीन, माझंच बोलणं लांबलं म्हणून."